वाकायचं न्हाय

बारामतीकडे जाणारी एस.टी. निमगाव केतकीच्या थांब्यावर येऊन उभी राहिली तेव्हा मी तात्यांच्या पाठीवर होते. सोळा वर्षांची घोडी झाले होते, तरी वडिलांच्या पाठुंगळी. शेजारी आई माझी ट्रंक डोक्यावर घेऊन उभी होती. दोन्ही हात ट्रंकेला, त्यामुळे तिला डोळेही पुसता येत नव्हते. कंडक्टरनं आमच्याकडे पाहिलं, पुढच्या बाकावरच्या माणसाला उठवलं आणि विचारलं, "पेशंट हाय का?" तात्या काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "पेशंट न्हाय, पाशिंजर हाय." गाडीतली माणसं हसली. तात्या हसले नाहीत. त्यांनी मला खिडकीपाशी ठेवलं, माझे पाय उचलून बाकाखाली नीट सारले आणि मागे न बघता उतरून गेले. आमचे गुरुजी मला पुण्याला पोचवायला सोबत होते. त्यांनी घंटीची दोरी ओढायला सांगितली आणि गाडी हलली.

जे निमगावात राहिले आणि जे माझ्यासारखे गाव सोडून गेले, त्या दोघांनाही हे सांगायचं आहे. स्वराज्य येऊन चारपाच वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट.

मी चार वर्षांची असताना मोठा ताप आला आणि पायांवरून वारं गेलं. आमच्याकडे असंच म्हणत. पोलिओ हा शब्द मी पुण्यात ऐकला. उजवा पाय पार गेला, डावा अर्धामुर्धा राहिला. तेव्हापासून तात्यांची पाठ हीच माझी गाडी. शाळेत, मळ्यात, बाजाराला, लग्नाकार्याला मी त्यांच्या पाठीवरून जायची. मी जग पाहिलं ते तात्यांच्या मुंडाशावरून. मळ्यात ते मला बांधावर बसवायचे आणि वांगी तोडून माझ्या पुढ्यात ओतायचे. किडकी कुठली, बाजाराची कुठली, हे निवडायचं काम माझं. गावात कुणी मला वाईट वागवलं नाही, हे आधी सांगते. उलट सगळ्यांनी उचलून घेतलं. तीच अडचण होती. मी जरा हात टेकून सरकायला लागले की कुणीतरी धावत यायचं आणि मला उचलून, माझ्या मनात नसलेल्या जागी नेऊन ठेवायचं.

गुरुजींनी सांगितलं, पुण्यात अशा मुलींसाठी एक संस्था आहे. राहायची सोय आहे, लोखंडी पट्ट्यांचा बूट करून देतात, हातात काम देतात. तात्या भडकले. "शहरात पांगळी माणसं देवळाम्होरं बसवत्यात आन् पुढ्यात फडकं टाकत्यात. मला ठावं हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "मी हाय की. माझ्या पाठीला वझं झालीस व्हय तू?"

मी विचारलं, "आन् तुमी नसलासा म्हंजी?"

अशुभ बोलले म्हणून आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला.  तात्या उठून ट्रंक घेऊन बाहेर पडले, परत आले ते तिला नवी कडी बसवून घेऊन.

संस्थेत पहिला नियम असा की पडलेल्याला उचलायचं नाही. मी पहिल्या आठवड्यातच मोरीत पडले आणि हाका मारत राहिले. संस्थेच्या ताई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "शेवंता, उजवीकडे नळ आहे, त्याला धर." किती राग आला होता! गावात असते तर एव्हाना चार माणसं गोळा झाली असती. मी रडत, शिव्या घालत नळ धरला आणि उठले. खरं सांगायचं तर पहिले काही महिने मला तात्यांच्या पाठीची फार आठवण यायची. त्यांच्या सदऱ्याला तंबाखूचा आणि ओल्या मातीचा वास असे. संस्थेत फिनेलचा वास.

पहिल्या दिवाळीला घरी गेले, तेव्हा माझा कॅलिपर, म्हणजे तो लोखंडी पट्ट्यांचा बूट, तयार झाला नव्हता. थांब्यावर तात्या पाठ वाकवून तयारच उभे होते. मी गुपचूप चढले. घरी जाताना त्यांना धाप लागत होती आणि ते दोनदा ठेचाळले, एकदा तर भर उन्हात, सपाट रस्त्यावर. मी समजले वय झालं. तिथेच मी मनाशी ठरवलं की आता या गावात येईन ती चालत येईन, नाहीतर येणार नाही. आई म्हणायची, शेवंता हट्टाला पेटली की म्हसरू बरं. म्हणू दे.

कॅलिपर आला. मांडीपासून बुटापर्यंत दोन लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, गुडघ्याला खटका. दोन कुबड्यांवर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा भिंतीवरचा आरसा मला छातीपर्यंत आला, आणि मी उंच आहे हे मला त्या दिवशी कळलं. मग पायाची दोन ऑपरेशनं, मग शिवणकाम, मग डोळ्यांच्या एका हॉस्पिटलात बँडेज गुंडाळायची नोकरी. बसून करायचं काम म्हणून दिलं होतं. मी वर्षभरात ते उभ्यानं करायला लागले आणि वॉर्डात शिरले. ड्यूटी, ड्रेसिंग, ड्रॉप्स असे शब्द तोंडात बसले. गावाकडच्या म्हाताऱ्या पेशंटांशी मात्र मी गावाकडचंच बोलायची. म्हणून हॉस्पिटलचा कॅम्प खेडोपाडी निघाला की डॉक्टर मला गाडीत घालून न्यायचे.

बारामतीला पहिला कॅम्प झाला तेव्हाची गोष्ट. मोतीबिंदू काढला की त्या काळी माणसाला उताणं झोपवून ठेवत. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, कूस बदलायची नाही, खोकायचं नाही, तंबाखू तर नावच नको. सांगवीचे एक आबा होते. सगळं बिनतक्रार पाळलं. पट्टी सुटली, समोर पांढरा कोट दिसला, आणि आबा "देवा!" म्हणत खाटेवरून उठून थेट डॉक्टरांच्या पायावर वाकले. ताजी जखम उकलली. डोळा रक्तानं भरला आणि पुन्हा कधी उघडला नाही. डॉक्टर कितीतरी वेळ खाटेच्या कडेला नुसते बसून राहिले. शहरातला पेशंट थँक्यू म्हणून मोकळा होतो. आमच्या माणसाला उपकार फिटल्यासारखे वाटायला कपाळ खाली न्यावं लागतं. त्याला कितीही बजावा, मान आपोआप जाते.

तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं. पट्टी सोडताना मी पेशंटच्या समोर उभी राहायची आणि डॉक्टरांना उशाशी उभं करायची, म्हणजे त्यांचे पाय दिसायलाच नकोत. आणि आधीपासून प्रत्येकाच्या कानीकपाळी ओरडायची, "वाकायचं न्हाय. पाया पडायचं ते शिमग्याला पडा, आता मान ताठ." म्हाताऱ्या हसायच्या. एक म्हणाली, "सासरी गेल्यापास्नं पयल्यांदा कुणीतरी मान वर कर म्हणतंय बाई."

या सगळ्यात माझं घरी जाणं राहूनच गेलं. कधी पाय प्लॅस्टरमध्ये, कधी रजा नाही. आणि एके दिवशी माझा भाऊ दगडू हॉस्पिटलच्या दारात उभा. तात्यांना दिसत नव्हतं. ते ठेचाळत होते ते वयानं नव्हे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. बाजारात आलेल्या कुणा फिरत्या सुईवाल्यानं मोतीबिंदू काढतो म्हणून डावा डोळा टोचून दिला होता. चार दिवस लख्ख दिसलं, मग डोळा सडला आणि गेला. आता उजवा राहिला होता, आणि त्यात फक्त उजेड-अंधार कळत होता. तात्या म्हणत होते, आता कुणाची सुई अंगाला लावून घेणार नाही.

मी दगडूला सांगितलं, दिवाळीनंतर इंदापूरला आमचा कॅम्प आहे, बैलगाडीत घालून आण. तो गेल्यावर मी बँडेजच्या कपाटाआड जाऊन रडले. तात्यांसाठी रडले, आणि माझ्यासाठीही. मी चालत त्यांच्यासमोर जाणार होते, आणि बघायला त्यांचे डोळेच उरले नव्हते. एकच डोळा होता. तो वाचला तर ते मला उभं पाहतील, नाहीतर कधीच नाही.

इंदापूरच्या शाळेत कॅम्प लागला. वर्गांतून खाटा आणि त्यांवर गवताच्या गाद्या. दगडूनं तात्यांना आणलं, पण ते शाळेच्या कट्ट्यावर बसले ते आत यायला तयार होईनात. मी त्यांच्याकडे निघाले. फरशीवर माझ्या बुटाचा खण् खण् आवाज झाला तसं त्यांनी तोंड वळवलं.

"कोण हाय?"

"मी हाय तात्या. शेवंता."

"कुणी आणलं तुला हितवर? कुणाच्या पाठीवर हायस?"

"कुणाच्याच न्हाय. मीच आले."

 त्यांनी हात पुढे करून चाचपलं. कुबडी लागली, लोखंड लागलं, चामड्याचा पट्टा लागला. तिथून त्यांनी हात काढून घेतला. "बेडी घातलीया का काय पोरीला," ते पुटपुटले. मला हसू आलं. मी म्हणाले, "बेडी हाय का काय हाय, ते डोळ्यानं बगा. आत चला."

"सुई लावून एक गेला, शेवंते."

"ह्यो बाजारचा न्हाय, डॉक्टरचा हात हाय. मी रोज बगते."

"आन् ह्योबी गेला मग?"

यावर खोटं बोलणं मला जमलं असतं, पण मी बोलले नाही. "जाऊ शकतो," मी म्हणाले. "पण न्हाय केलं तर जाणारच हाय." तात्यांनी बराच वेळ तोंडातली तंबाखू घोळवली आणि मग थुंकून टाकली. "ही शेवटची," म्हणाले आणि दगडूचा हात धरून उठले.

ऑपरेशन झालं. त्यानंतरचे दिवस मला फार जड गेले. उभा जन्म मळ्यात राबलेला माणूस, त्याला उताणं पडून राहायचं म्हणजे शिक्षा. पाठ भरून यायची. "मला जरा उठव, शेवंते," ते म्हणायचे. "न्हाय," मी म्हणायची. "बापाला उठवत न्हाय व्हय? मी तुला एवडी वर्सं उचालली!" आजूबाजूचे पेशंट ऐकत असायचे.  पण मी वाळूच्या पिशव्या पुन्हा नीट लावायची, त्यांच्या तोंडात चमच्यानं लापशी घालायची आणि पुढच्या खाटेकडे जायची. मी त्यांच्या एकट्यांसाठी आले नव्हते, वर्ग भरलेला होता. माया फक्त उचलण्यातच नसते हे ताईंनी मला मोरीच्या दारात उभं राहून शिकवलं होतं, पण ते करायला किती जीव लागतो हे मला इंदापुरात कळलं.

पट्टी सोडायचा दिवस आला. सकाळची वेळ, खिडकीला खादीचा पडदा. तात्यांना उशी देऊन बसवलं. डॉक्टर उशाशी. मी समोर. "वाकायचं न्हाय," मी शंभरदा सांगितलं. पट्टी सुटली. तात्यांनी डोळा मिचकावला, पाणी आलं. चष्म्याशिवाय सगळं धुक्यातल्यासारखं दिसतं, ते ठाऊक होतं मला. त्यांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या तोंडाकडे, मग खाली, आणखी खाली. आणि एकदम त्यांची मान खाली निघाली.

मी कुबड्या सोडल्या. दोन्ही फरशीवर आपटल्या. मी दोन्ही तळव्यांनी त्यांचं कपाळ वरच्या वर झेललं आणि ओरडले, "तात्या! डॉक्टर तिकडं उशाला हायती, आन् पाया कुणाच्या पडताय? वाकायचं न्हाय म्हणून सांगितलं न्हवं!"

"कुणाच्या पाया पडतोय?" तात्या माझ्या हातांत डोकं तसंच ठेवून म्हणाले. "पाय भुईला टेकलाय का, त्ये बगत हुतो. धुरकट दिसतंय."

 मी कशालाही न धरता उभी होते, हे मलाही तेव्हाच कळलं. "टेकलाय," मी म्हणाले. "दोन्ही टेकल्यात. आता मान वर करा."

त्यांनी मान वर केली. डॉक्टरांनी डोळा तपासला, टाका जागेवर होता. मग मात्र मी त्यांच्याच खाटेवर मटकन बसले.

घरी सोडलं तेव्हा तात्या बैलगाडीत बसून म्हणाले, "चल आता घरी." मी नाही म्हणाले. त्या दिवशी दुसऱ्या वर्गात अजून लोक पट्टी बांधून पडले होते, आणि त्यानंतर कॅम्पची गाडी दुसऱ्या तालुक्यात जायची होती. तात्यांनी आग्रह केला नाही. पुढे मी निमगावला कितीदा गेले. थांब्यावरून घरापर्यंत चालत, दोन ठिकाणी टेकत. तात्या जाड भिंगांचा चष्मा लावून शेजारून चालायचे, मला हात न लावता. ते त्यांना किती अवघड जायचं ते दिसायचं मला. घरी चार दिवस झाले की मला वॉर्डाची ओढ लागते, आणि वॉर्डात चार महिने झाले की मळ्याची. दोन्हीकडे माझी वाट बघणारी माणसं आहेत. घर मी सोडलं असं मला आता वाटत नाही. ते मी एवढं मोठं केलं की त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला एस.टी. लागते, इतकंच.

मागच्या खेपेला गेले तेव्हा कट्ट्यावर तात्यांसोबत कन्हेरीचे एक पाव्हणे बसले होते. दुरून मला रस्त्यानं येताना त्यांनी पाहिलं, ही कोण म्हणून चौकशी केली, आणि मी जवळ पोचले तेव्हा आपल्याकडे विचारतात तसंच विचारलं, "लेक कुठं दिली म्हणायची?"

तात्यांनी चष्मा सारखा केला.

"दिली न्हाय," ते म्हणाले. "गेली. आपल्या पायानं."