धूप कमी पडतेय

मी रागीट नाही. हे मी ओरडून सांगतो, कारण भिवंडीतल्या आमच्या कामतघर भागात पॉवरलूमच्या खडखडाटात हळू बोललेलं कुणाला ऐकूच जात नाही.

तर, माझी बायको वैशाली दोन महिन्यांच्या मुलीला घेऊन अकलोलीला माहेरी होती. आमची खोली चाळीच्या गच्चीवर, डोक्यावर पत्रा, आणि महिना मे. तिने साफ सांगितलं होतं, खोली गार होणार असेल तरच बाळाला आणते, नाहीतर पाऊस पडेपर्यंत इथेच. मला इकडे पोरीशिवाय घर खायला उठलं होतं. चाळीचं वायरिंग जुनं; एसी लावला की अख्ख्या मजल्याची वीज जाणार. म्हणून मी छाती फुगवून सोलरवरचा एसी घेतला. पॅनल, बॅटरी, इन्व्हर्टर, सगळं आपलं आपलं. विजेच्या तारेशी संबंधच नाही!

मी ड्युटीवर असताना फिटर इरफान सगळं बसवून गेला. जाताना आईला सांगून गेला, "अम्मा, इसको बस बराबर धूप दिखाना. बाकी कुछ नहीं करना."

रोज संध्याकाळी घरी आल्यावर मी एसी लावून बघायचो. चार दिवस झकास चालला. पाचव्या दिवशी दहा मिनिटांत बंद, सहाव्या दिवशी पाचच मिनिटांत. माझं डोकं सटकलं. फोनवर इरफानला असं काही झापलं की खालचे लूमवाले काम सोडून बाहेर आले. तो शांतपणे म्हणाला, "साब, धूप कम पड़ रही होगी."

मे महिन्यात! भिवंडीत! मी फोन आपटला आणि आईवर ओरडलो, "ऐकलंस? धूप कमी पडतेय म्हणे!"

आईचा चेहरा पडला. "वाढवते हो," एवढंच ती म्हणाली. (मला वाटलं, जेवण वाढते म्हणाली. मी ताट घेऊन बसलो.)

पॅनल पाण्याच्या टाकीमागे होते. तिकडे जाऊन बघावं असं मला एकदाही वाटलं नाही, कारण चूक इरफानची, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं.

रविवारी दुपारी वैशाली बाळाला घेऊन आली. इरफानलाही मी दम देऊन बोलावलं होतं. एसी लावला, गार वारा आला, वैशाली हसली, आणि इन्व्हर्टर टीं टीं करत बंद पडला. मी इन्व्हर्टरवर ओरडलो, इरफानवर ओरडलो. बाळ रडायला लागलं, त्याच्यावरही ओरडणार, तेवढ्यात खोलीत धुराचा लोट शिरला. आग लागली म्हणून मी बादली घेऊन टाकीमागे धावलो.

तिथे आई उभी. हातात धुपाटणं, त्यात रसरसलेले निखारे. पॅनलच्या काचेवर काजळीचा चिकट थर, त्यावर लूममधून उडालेला कापूस, आणि वर हळदकुंकू.

"सकाळ-संध्याकाळ धूप दाखवत होते," आई रडवेली होऊन म्हणाली. "तू बोललास कमी पडते, म्हणून दुपारचापण सुरू केला. आता अजून किती दाखवू?"

हिंदीतली धूप म्हणजे ऊन, हे माझ्या आईला कुणी सांगायचं? इरफानने की मी? मला त्याचा राग आला, आईचा आला, हिंदीचा तर सगळ्यात जास्त आला. त्या बादलीतल्या पाण्याने मीच काचा घासल्या, घासताना एकेकाचा उद्धार केला.

दोन तासांनी एसी लागला आणि चालूच राहिला. बाळ झोपलं. मी आत जाऊन, नेमकं कोणाचं चुकलं हे सगळ्यांना नीट समजावून सांगायला लागलो. बाळ दचकून उठलं आणि टाहो फोडला.

वैशालीने मला दाराबाहेर काढलं. "खोली गार झालीय, आम्ही राहतोय," ती म्हणाली. "तुम्ही गार झालात की आत या."

आणि कडी लावली. संध्याकाळपर्यंत मी गच्चीवर बसून गार व्हायचा मनापासून प्रयत्न करत होतो. पण आतून आई, वैशाली आणि इरफान एसीत चहा पीत हसल्याचा आवाज आला, की पुन्हा तापत होतो.