अकरा मिनिटांचा करार

शनिवार, ९ डिसेंबर १९७८. नागपूर, कॉलेजांची वादस्पर्धा. आमच्या कॉलेजकडून हजर: नागरिकशास्त्राची शिक्षिका म्हणून मी, हुडकेश्वरचा मुलगा, खाप्याची मुलगी, आणि राखीव म्हणून धंतोलीतली एक मुलगी. प्राचार्य गैरहजर, त्यांची अट हजर. खाप्याच्या मुलीला ही एकच संधी. तिने चूक केली तर पुढच्या वर्षी तिची जागा राखीव मुलीला. हे तिला माहीत होतं. महिनाभर ती तयारीसाठी गावाहून पहिल्या एसटीने येत होती.

स्पर्धेत प्रत्येक कॉलेजच्या दोघांनी एका देशाचे राजदूत व्हायचं आणि समोरच्या देशाशी वाद घालायचा. आमचा देश नदीच्या वरच्या अंगाला, समोरचा खालच्या. भांडण पाण्याचं. मी आमच्या संघासाठी चौदा नियमांची यादी केली होती. पहिला: आपणहून काहीही देऊ नये. नववा: 'जी' म्हणू नये, 'माननीय अध्यक्ष' म्हणावे. तिला चौदाही पाठ होते.

"काहून वं, आतापासूनच घाबरून राहिली?" मुलाने तिला विचारलं.

"तू आपला कागद पाह्य गा."

समोरचे राजदूत इतिहासावर बोलले. आमच्या मुलाने टेबलावर हात आपटून उत्तर दिलं. मग ती उठली.

"माननीय अध्यक्ष, त्यांच्या देशात पीक कोणतं?"

समोरच्यांनी कागद उलटेपालटे केले. पिकाचा उल्लेख कुठेच नव्हता.

"संत्रा," एक जण म्हणाला. नागपुरात दुसरं काय सुचणार?

"बहार कोणता? आंबिया का मृग?"

"आंबिया." त्याच्या घरी बाग असावी.

"मग आता तुमची झाडं ताणावर असतील न जी. पाणी तोडलंच असेल. आमच्या गव्हाले आताच पाणी लागते. दीड महिना आम्ही घेतो, मग तुमची पाळी."

संत्र्याला आंबिया बहाराची फुलं हिवाळ्याअखेर यावीत म्हणून त्याआधी त्याचं पाणी बंद ठेवतात. त्याला ताण म्हणतात. तिच्या घरी एका विहिरीवर तीन काकांची शेतं होती आणि दरवर्षी पाळी अशीच ठरायची.

"बरोबर बोलून राहिली गा ते," समोरचा राजदूत जोडीदाराला म्हणाला, आणि दोघांनी मान्यता दिली. अकरा मिनिटं झाली होती. कार्यक्रम दीड तासाचा होता. अध्यक्षांनी स्पर्धेच्या नियमांची पुस्तिका चाळली. देशांचं एकमत झाल्यास काय करावं, हे तिच्यात नव्हतं. चहाचं पाणीही अजून ठेवलं नव्हतं. वाद झालाच नाही म्हणून परीक्षकांनी दोन्ही संघांना शून्य गुण दिले.

व्हरांड्यात मुलगा तिच्यावर घसरला. "पाणी देऊन कायले टाकलं वं?"

"देलं कुठं? त्यांच्या झाडाले नकोच होतं." मग ती माझ्याकडे वळली. "बाई, माही जागा गेली का जी?"

मी म्हटलं, "पाहू." खरं म्हणजे मलाही माहीत नव्हतं.

सोमवारी प्राचार्यांनी बोलावलं. "हिची चूक एका ओळीत लिहून सही करून द्या. ती फायलीला लागली की नाव बदलता येईल."

मी बसून लिहिलं: नियम एक मोडला. वाचून खोडलं. तिने काही दिलंच नव्हतं; उलट दीड महिन्याचं पाणी आणलं होतं. मग लिहिलं: नियम नऊ मोडला. हे खरं होतं, पण 'जी' म्हटल्याबद्दल मुलीला काढलं असं माझ्या सहीने फायलीत राहिलं असतं. तेही खोडलं आणि कामांच्या यादीत नोंद केली: खाप्याच्या मुलीची चूक, एक ओळ.

प्राचार्यांनी तीनदा आठवण केली. तिन्ही वेळा मी, "यादीत आहे," असं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. कागद नाही म्हणून नाव बदललं नाही, आणि पुढच्या वर्षी संघात तीच गेली. प्राचार्य यथावकाश निवृत्त झाले. मी दर जूनला कामांच्या यादीची नवी वही करते आणि राहिलेली कामं तिच्यात उतरवते. यंदा अशी चार होती. तीन झाली. ही ओळ लिहायची राहिली आहे.