माझ्या नळीला ते फुंकणी म्हणाले

चहाची सुट्टी झाली होती. मी फौंड्रीतल्या कोअर शॉपच्या दाराशी भिंतीकडं तोंड करून उभी होते. हातात दवाखान्यातनं दिलेली प्लास्टिकची नळी. तिच्यात जोरात फुंकलं की बाजूचा काटा वर सरकतो, छातीत किती जोर आहे ते कळतं. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, घरीही फुंकायचं, कामावरही फुंकायचं, आणि काटा कुठं थांबला ते लिहायचं.

मागून छोट्या साहेबांचा आवाज आला.

"फुंकणी आणलीस व्हय गं? चूल पेटवायची हाय हितं?"

छोटे साहेब म्हणजे मालकांचे पुतणे. पुण्याला इंजिनियर होऊन आलेले. एरवी ते आमच्यासारखं बोलत नाहीत. आमची थट्टा करायची असली की आमची बोली बोलतात.

त्यांनी नळी माझ्या हातातनं काढून घेतली. स्वतःच्या तोंडाला लावली. फुंकले. काटा पार टोकाला गेला. मग भट्टीवरच्या दोघांना बोलावलं, त्यांच्याकडं नळी दिली. तेही फुंकले. पैज लागल्यासारखं सगळे जमले. कुणाचा काटा जास्त, कुणाचा कमी. शेवटी नळी माझ्याकडं आली. तिघांची थुंकी लागलेली.

"आता तू."

मी पदरानं पुसली आणि फुंकली. काटा थोडा हलला, थांबला. सगळे हसले. मीही हसले. मी हसले नसते तर ते आणखी हसले असते.

छोटे साहेब म्हणाले, "मी पण इथंच काम करतो की. मला का काही होत नाही?"

ते काचेच्या केबिनमध्ये बसतात. तिथं एसी आहे. हे मला त्यांना सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. त्या दिवशी मी फक्त नळी घेऊन नळावर गेले आणि धुतली. धूत असताना खोकल्याची उबळ आली ती थांबेना. रेणुकानं पाठ चोळली. रेणुका माझ्या शेजारच्या मशीनवर असते. ती हसली नव्हती.

आमची फौंड्री बेळगावात आहे. लोखंड वितळवून पंपाचे, गाड्यांचे भाग ओततात. भागाच्या आत पोकळी राहावी म्हणून वाळूचा साचा करून आत ठेवतात, तो कोअर. ते कोअर आम्ही बायका करतो. वाळूत दोन प्रकारची औषधं कालवतात, पेटीत भरतात, वरनं गॅस सोडतात. वाळू दगडासारखी कडक होते. पेटी उघडली की कुजक्या मासळीसारखा वास येतो. पहिल्या वर्षी तो वास डोक्यात बसायचा. पुढं कळेनासा झाला.

खोकला आधी संध्याकाळचा होता. घरी गेल्यावर यायचा. म्हणून कामाचा आणि त्याचा काही संबंध असेल असं मनातच आलं नाही. मग छातीत शिट्ट्या वाजायला लागल्या. पाण्याची घागर उचलून चार पावलं टाकली की उभं राहावं लागायचं. गल्लीतल्या डॉक्टरनं दमा म्हणून सांगितलं, पंप दिला. पंपानं भागेना म्हणून मोठा पंप. त्यानंही भागेना म्हणून गोळ्या. गोळ्यांनी तोंड सुजलं, साखर वाढली, दमा होता तिथंच. मी औषध चुकवते असं त्या डॉक्टरला वाटायचं. पंप ओढता येत नाही तुला, असंही म्हणाला. त्याच्यापुढं ओढून दाखवला. तरी त्यानं नाहीच म्हणून मान हलवली.

गणपतीत फौंड्री बंद होती. मी आक्काकडं कडोलीला राहिले. आक्का माझी थोरली बहीण. चार-पाच दिवसांनी तीच म्हणाली, "आज रात्रभर खोकली न्हाईस गं." तेव्हा पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं. परत कामावर गेले, आणि दोन दिवसांत पुन्हा तेच.

हे मी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या छातीच्या डॉक्टर. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ऐकलं. आजवर कुणी असं ऐकलं नव्हतं. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, हातावर थेंब टाकून टोचून बघितलं की धूळ, परागकण, झुरळ यातलं काही बाधतंय का. तसं काही निघालं नाही. मग त्यांनी ती नळी दिली. म्हणाल्या, कामावर असताना श्वास पडतो आणि सुट्टीत वर येतो हे दिसलं पाहिजे. त्यासाठी अजून काही दिवस कामावर जावं लागेल.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नसेल. ज्या गॅसनं मी मरतेय असं तुम्हाला वाटतं, त्याच गॅसमध्ये मी पुन्हा जायचं? त्यांनाही ते बोलताना बरं वाटत नव्हतं. पण पुराव्याशिवाय कंपनी ऐकणार नाही, म्हणाल्या. त्यांचं खरं होतं. आमच्यासारख्यांना नुसतं दुखून भागत नाही. दुखतंय हे दाखवायला आणखी दुखून घ्यावं लागतं.

पैजेच्या त्या दिवसानंतर छोट्या साहेबांनी हुकूम काढला, कामावर खेळणी आणायची नाहीत. मी नळी पोलक्यात लपवून न्यायला लागले. संडासात जाऊन फुंकायचे. एका हातानं दाराची कडी धरायची, कारण ती लागत नव्हती. बाहेरनं कुणीतरी दार वाजवायचं. त्या घाणीत तोंड उघडून पोटभर श्वास घ्यायचा आणि फुंकायचं. मी तेही केलं.

एक दिवस नवीन पेट्या आल्या होत्या, गॅस गळत होता. दुपारी मी मशीनशेजारीच खाली बसले ते उठले नाही. ओठ निळे पडले होते असं रेणुका सांगते. पंप माझ्या पिशवीत होता, पिशवी कपाटात, किल्ली सुपरवायझरकडं. रेणुकानं आरडाओरडा करून किल्ली मिळवली.

त्यानंतर कंपनी जागी झाली. मला बरं वाटावं म्हणून नाही. आतमध्ये बाई पडली, बाहेर बोभाटा होऊ नये म्हणून. मला सुट्टी दिली. मी पुन्हा कडोलीला गेले. आक्काच्या परसात बसून फुंकायचे. काटा हळूहळू वर चढत होता. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला भीती वाटत होती. काटा वर चढतोय म्हणजे काम जाणार.

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात मोठी तपासणी होती, त्या दिवशी आक्का बरोबर आली. आणि ऑफिसचे साहेबही आले. कामगारांची हजेरी, भरती हे सगळं बघतात ते. तपासणीचा खर्च कंपनी करतेय म्हणून ते थेट खोलीत येऊन बसले. खुर्ची त्यांना मिळाली. आक्का उभी.

तपासणी करणारा तरुण पोरगा होता. माझ्या नाकाला चिमटा लावला, तोंडात मोठी नळी दिली. यंत्राला जोडलेली. म्हणाला, पूर्ण श्वास घ्या, एकदम जोरात सोडा, मी थांबा म्हणेपर्यंत सोडत राहा. मी सोडला. अर्ध्यातच खोकला आला. परत. परत खोकला. तो वैतागला. "जोर लावा की. मुद्दाम करू नका."

मी होता नव्हता तेवढा जोर लावला. आणि लघवी सुटली. लुगडं ओलं झालं, खुर्ची ओली झाली, खाली फरशीवर आलं.

ऑफिसचे साहेब पाय वर घेऊन बाजूला सरकले. त्या पोराला इंग्रजीत काहीतरी बोलले. पोरगा हसला. मला इंग्रजी येत नाही. पण ड्रामा हा शब्द मला येतो.

आक्कानं आपली शाल काढून माझ्या कमरेभोवती गुंडाळली. खाली बसून पदरानं फरशी पुसायला लागली. पंचावन्न वर्षांची माझी बहीण परक्या खोलीत गुडघ्यांवर बसून माझं मूत पुसत होती, आणि ते दोघे मशीनवरचा आलेख बघत होते.

तेवढ्यात डॉक्टरबाई आत आल्या. त्यांनी काही विचारायच्या आधीच साहेब बोलायला लागले. मॅडम, यांच्या घरी चूल आहे, वर्षानुवर्षं धूर खाल्लाय, रिपोर्टमध्ये तेवढं लिहा.

माझ्या घरी चूल नाही. गॅस आहे. साहेब माझ्या घरी कधी आले नाहीत. माझं घर कुठल्या गल्लीत आहे तेही त्यांना माहीत नाही. आणि माझ्यासमोर, मी ओल्या लुगड्यात बसलेली असताना, ते माझ्या घरात चूल मांडत होते.

डॉक्टरबाई म्हणाल्या, पुन्हा एकदा फुंकावं लागेल, तीन वेळा नीट झालं तरच ग्राह्य धरतात.

मी नाकाचा चिमटा काढला.

"हे भायेर गेल्याबिगर मी फुंकणार न्हाय."

आक्कानं माझा हात दाबला. "गप गं. मोठी मानसं हायती."

साहेब म्हणाले, खर्च कंपनीचा आहे.

मी म्हटलं, "खर्च तुमचा आसंल. छाती माझी हाय. भायेर जावा."

माझा आवाज मोठा नव्हता. मोठा आवाज निघतच नाही आता. वाक्य संपायच्या आधी दम संपतो. साहेब खुर्चीतनं हलले नाहीत. मीही नाही. मग डॉक्टरबाईंनी दार उघडलं आणि दाराजवळ उभ्या राहिल्या. साहेब उठले. जाताना माझ्याकडं बघितलं नाही.

आक्कानं मला घाईघाईनं बाजूच्या मोरीत नेऊन, मुक्काम पडला तर म्हणून पिशवीत आणलेलं आपलं जुनं लुगडं नेसवलं. मग मी फुंकले. खोकत, थांबत, परत फुंकले. तीन वेळा नीट झालं. मधे पंप देऊन पुन्हा. तो पोरगा आता आवाज खाली ठेवून सांगत होता.

निकाल लागला तेव्हा डॉक्टरबाईंनी मला आणि आक्काला समोर बसवलं. दमा आहे. कामावरच्या वाळूतल्या औषधांनी आलेला आहे, असं सगळ्या गोष्टी जुळवून दिसतंय. तसं त्यांनी लिहून दिलं. त्या खोलीत परत पाऊल टाकायचं नाही.

मी विचारलं, काम सोडलं की बरी होणार का?

त्यांनी कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, लवकर कळलं असतं तर जास्त आशा होती. आता कमी होईल, पण पूर्ण जाईल असं मी सांगू शकत नाही.

बाहेर आम्ही दोघी बाकावर बसलो. आक्का रडत होती. मला रडता येत नव्हतं. रडलं की उबळ येते.

पंधरवड्यानं ऑफिसचे साहेब घरी आले. आता गल्ली सापडली त्यांना. आत आले, गॅसची शेगडी त्यांच्या डोळ्यांसमोरच होती. तिच्याकडं पाठ करून बसले. गोड बोलत होते. तुला दुसरं काम देता येत नाही, म्हणाले, पण कंपनीला माणुसकी आहे. आजार आधीपासूनचा होता एवढ्यावर सही कर.

"तुझ्या पोरीला तुझ्या जागेवर लावून घेतो."

माझी पोरगी दारात उभी होती. पीयूसी, म्हणजे बारावी झालीय. नोकरी शोधतेय. तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत आशा होती. ती आशा मला छोट्या साहेबांच्या हसण्यापेक्षा जास्त लागली.

मी सही केली नाही. साहेबांना म्हटलं, "माझी पोर त्या खोलीत जाणार न्हाय. चहा घ्या आनि जावा."

ते चहा न घेताच गेले. पोरगी रात्री माझ्याशी बोलली नाही. घरात आता नवऱ्याच्या एकट्याच्या हमालीवर चाललंय. मी दोन बादल्या धुणं धुवू शकत नाही. पायरी चढायची तर मधे बसावं लागतं. हे असंच राहणार, कदाचित वाढणार. कुणी मला खोटा धीर देऊ नये.

रेणुकालाही आता संध्याकाळचा खोकला येतो. परवा ती चोरून भेटायला आली. माझ्याशी बोलायचं नाही असं कंपनीनं सगळ्यांना सांगितलंय. मी तिला डॉक्टरबाईंचा पत्ता दिला. म्हटलं, दोघी मिळून लेबर ऑफिसला जाऊ, कोअर शॉपमधल्या सगळ्या बायकांची छाती तपासा म्हणून अर्ज देऊ. तिनं खाली बघितलं. तिची पोरं अजून लहान आहेत. बघतो, म्हणाली.

सोमवारी मी जाणार आहे. रेणुका आली तर दोघी. नाही आली तर एकटी. लेबर ऑफिस वरच्या मजल्यावर आहे. दर दोन पायऱ्यांना बसावं लागेल. बसेन. लोक बघतील, बघू देत. जेवढा दम आहे तेवढ्यात मी त्या गॅसचं नाव सांगणार, फौंड्रीचं नाव सांगणार, आणि त्यांनी लिहून घेतल्याशिवाय खाली उतरणार नाही.