सही झाली, घर राहिलं

शिमकेंत शहरातल्या त्या घरसजावटीच्या स्टुडिओत राउशानला सगळे ‘पडदेवाली’ म्हणून ओळखत. भिंत कुठे पाडायची ते पुरुष ठरवणार, छत किती खाली आणायचं तेही पुरुष ठरवणार, आणि सगळं चुकलं की झाकायला राउशानला हाक. "ताई, इथे काहीतरी लांबलचक सोड." की राउशान छतापासून जमिनीपर्यंत मखमल सोडायची. शहरातल्या कितीतरी वाकड्या भिंतींची अब्रू तिने अशी राखली होती. चाळिशी उलटली, चष्मा लागला, पण बसायची जागा काही बदलली नाही. झेरॉक्सच्या यंत्राला खेटून, येणाऱ्याजाणाऱ्याच्या कोपराच्या टप्प्यात.

मग स्टुडिओचा मालक सांजार राजधानीत, अस्तानाला जाऊन एक शिबिर करून आला. गेला तेव्हा माणूस होता, आला तो व्यवस्थापक होऊन. आल्या आल्या भिंतीवर पांढरा फळा ठोकला, त्यावर रंगीत चिठ्ठ्या डकवल्या आणि जाहीर केलं, "आजपासून इथे कामं होणार नाहीत. प्रकल्प होतील."

"मग कामं कोण करणार?" चहा ओतता ओतता राउशानने विचारलं.

सांजारने ते मनावर घेतलं नाही. प्रकल्पप्रमुखाची नवी जागा काढतोय म्हणाला. खिडकीजवळचं टेबल. जो कुणी एक प्रकल्प करारापासून ताब्याच्या सहीपर्यंत एकट्याने आणि वेळेत नेईल, टेबल त्याचं.

राउशानने खिडकीकडे पाहिलं. बाहेर पॉपलरची झाडं होती, उजेड होता, आणि मुख्य म्हणजे तिथे कुणाचं कोपर लागत नव्हतं.

"मी करीन," ती म्हणाली.

छतांचे नकाशे काढणारा मेदेत खुदकन हसला. "ताई, प्रकल्पाला पडदा लावून भागत नाही."

"तुझ्या छतांना लावून भागतंय की इतकी वर्षं."

सांजारने तिला संध्याकाळच्या वर्गाला घातलं. इंटिरियर आर्किटेक्चरमधली व्यावसायिक पद्धत आणि प्रकल्प व्यवस्थापन, असं त्या वर्गाचं ऐसपैस नाव. शिकवायला लारिसा ग्रिगोर्येव्ना. जन्म सरकारी बांधकाम खात्यात गेलेला, आवाज खडूसारखा कोरडा. "काम तोंडाने संपत नाही, सहीने संपतं," हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं, "कामाशी ज्यांचा संबंध आहे त्या सगळ्यांना सुरुवातीलाच एका जागी बसवा. काय करायचंय ते मोठ्याने सांगा. सगळे हो म्हणाले की मगच पुढे."

"सगळ्यांना म्हणजे?" राउशानने विचारलं.

"सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना."

घात झाला तो इथे. लारिसाबाईंच्या मनात होते घरमालक, ठेकेदार आणि वीजवाला. पण शिमकेंतमध्ये ‘घराशी संबंध असलेले सगळे’ म्हटलं, की वीजवाला सोडून सगळे येतात.

राउशानला मिळालेलं घर कुलियान आपांचं. आपा म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, नवऱ्यामागे एकटीने मुलगा वाढवलेल्या. त्या मुलाचं, दारखानचं, शरदात लग्न. सून यायच्या आत बैठकीची आणि नव्या जोडप्याची खोली नवी करायची, जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या टाकायच्या, वर लाकडी फरशी. दारखानने उत्साहाच्या भरात जुनं प्लास्टर आणि जुनी फरशी आधीच उखडून ठेवली होती. भिंतींच्या विटा उघड्या, छतातून वायरी लोंबताहेत, वायरींना नुसते दिवे.

"आपा, एक बैठक घ्यायचीय," राउशान म्हणाली. "घराशी संबंध असलेल्या सगळ्यांची."

"सगळ्यांची? मग मटण शिजवायला हवं."

"आपा, नुसती चर्चा आहे."

"सगळ्यांना बोलवून नुसती चर्चा वाढू? बाहेर तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

तेव्हा घोड्याचं मटण शिजलं. सिमेंटच्या पोत्यांवर लोकरीचे नमदे पसरून जेवणाचं दस्तरखान मांडलं गेलं. नातेवाईक आले, व्याह्यांकडचे आले, शेजारी तर न बोलावताच आले. दारापासून सगळ्यात लांबच्या मानाच्या जागी, म्हणजे टाइल चिकटवायच्या मसाल्याच्या गोणीवर, सेयितबेक आजोबांना बसवलं. आजोबा कुळातले सगळ्यात वडील, आपांचे चुलतसासरे. त्यांनी दुवा दिला की तो लागतो, असं सगळं कूळ मानायचं.

राउशानने उभं राहून उद्दिष्ट सांगितलं, टप्पे सांगितले. सगळ्यांनी खाली मान घालून ऐकलं, कारण मटण गरम होतं. शेवटी ती अदबीने म्हणाली, "आजोबा, आपण दोन शब्द बोलावेत."

आजोबांनी एकेक भिंत न्याहाळली. विटा पाहिल्या, वायरी पाहिल्या, खालची खडबडीत जमीन काठीने टोकरली. एक उसासा टाकला आणि दोन्ही तळवे उघडले. "हे घर पुरं झालं, तसा संसारही पुरा होवो. उंबरा झिजो, पण पाहुण्यांचं येणं न थांबो. या भिंती आज आहेत तशाच राहोत. नातवंडांनी याच जमिनीवर रांगावं."

"आमीन," म्हणून सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले.

राउशानच्या हातातलं वेळापत्रक खाली आलं. "आपा," ती कुजबुजली, "त्यांना वाटलं की घर..."

"गप. दुवा दिलाय त्यांनी."

"पण काम सुरूच झालं नाहीये."

"मग ते मी सांगू त्यांना? पोराच्या लग्नाच्या तोंडावर दुवा परत पाठवू?"

शेजारच्या बाईंनी हाडावरचं मटण सोडवता सोडवता विषय मिटवला. "हल्ली असंच असतं हो. माझ्या भाच्याच्या कॅफेत अश्शाच विटा आहेत. तिथे चहासुद्धा परवडत नाही."

दुसऱ्या दिवसापासून आहेर सुरू झाले. घर पुरं झालं म्हटल्यावर माणूस रिकाम्या हाती येणार कसा? चहाचे सेट आले, रजया आल्या. एका आत्याबाईंनी गालिचा आणला आणि स्वतः हातोडा घेऊन उघड्या विटांवर ठोकला. सगळे पोती ओलांडत फिरत, वायरीखालून वाकून जात आणि म्हणत, "मोकळं मोकळं वाटतंय."

तिसऱ्या दिवशी सांजार आला, उंबऱ्यावर थबकला आणि त्याचे डोळे पाणावले. "लॉफ्ट," तो म्हणाला. "उघड्या विटा, उघड्या वायरी, अस्तानात हीच फॅशन आहे." मग तिच्याकडे वळला. "ताई, तुझ्यात हे होतं?"

"सांजार, हे अजून..."

"आपा, तुम्ही समाधानी आहात?"

कुलियान आपांनी ओठ आवळले. मागे दोन आत्याबाई चहा पीत बसल्या होत्या, चारी कान इकडे. "आजोबांनी दुवा दिलाय," आपा म्हणाल्या.

"मग इथे सही."

चाळीस वर्षं प्रगतिपुस्तकांवर सह्या केलेल्या बाईने, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, नापास पोराला पास केलं.

त्याच दुपारी सांजारने गवंडी, नळवाले, सुतार सगळे उचलून दाताच्या एका दवाखान्याच्या कामावर धाडले. तो प्रकल्प मेदेतचा होता आणि रखडला होता. राउशानच्या प्रकल्पाची चिठ्ठी मात्र फळ्यावरच्या पहिल्या रकान्यातून थेट शेवटच्यात गेली. सुरू व्हायच्या आत संपलेलं असं काम स्टुडिओच्या इतिहासात झालं नव्हतं. तिला खिडकी मिळाली.

खिडकी छान होती, हे कबूल करायला हवं. सकाळी उन्हाची तिरीप थेट चहाच्या कपात यायची. लोक टेबलाला वळसा घालून जायचे. दोन गिऱ्हाइकं तर "कुलियान आपांसारखं हवं" म्हणत आली, आणि सांजारने त्यांना विटा उघड्या ठेवण्याचे ज्यादा दर सांगितले. आपल्याकडून खोटं काहीच बोललं गेलं नाही, अशी राउशानने मनाची समजूत घातली होती. खरं म्हणजे तिने काही बोलायचंच टाळलं होतं. पडदेवालीला ते नवं नव्हतं.

गारठा पडायला लागला तशी ती एकदा आपांकडे डोकावली. आपा घरात कोट घालून, पायात लोकरी बूट चढवून झाडत होत्या.

"बस. म्हणजे, सापडली जागा तर बस."

"काय झाडताय एवढं?"

"घर. रोज थोडं थोडं सुपलीत येतं. लग्नापर्यंत सगळं येईल."

"नळ्या जोडायला कुणी आलंच नाही?"

"कशाला येतील? पूर्ण झालंय ना. विहीणबाई रोज फोन करतात. आमच्या लेकीला थंडी सोसत नाही म्हणतात, पण तुमच्याकडे पायाखाली ऊब आहे म्हणून काळजी नाही." आपांनी सुपली टेकवली. "तुझी खिडकी कशी आहे?"

"बरी आहे."

"माझीही बरी होती. आता प्लास्टिक लावलंय."

राउशानने पुढ्यातला चहा तसाच ठेवला आणि तडक सेयितबेक आजोबांचं घर गाठलं. आजोबा अंगणात अक्रोड फोडत बसले होते.

"आजोबा, रागावू नका. कुलियान आपांचं घर पुरं झालेलं नाही. त्या दिवशी काम सुरू व्हायचं होतं. चूक माझी. मी आपल्याला दोन शब्द बोला म्हटलं."

आजोबांच्या हातातला अक्रोड हातातच राहिला. "म्हणजे ते तसंच ठेवायचं नव्हतं?"

"नव्हतं."

"अगं मग बोलायचं की! मला वाटलं, बिचारीने होतं नव्हतं ते घातलं आणि घराचा गोठा करून घेतला. आता चारचौघांत काय बोलणार? म्हणून दुवा जरा लांबवला."

राउशानला हसावं की रडावं कळेना. "मग आता तो परत..."

"दुवा काय उसनी साखर आहे, परत घ्यायला? तो पुढे गेला, घर मागे राहिलं. घराला म्हणावं, चल लवकर." त्यांनी एक गर तिच्या हातावर ठेवला. "कुलियानला मी सांगतो. ज्यांनी ज्यांनी चहाचे सेट आणले त्यांनाही सांगतो. फावडी घेऊन येतील. पण तुझ्या त्या मालकाला सांगायचं काम तुझं."

सांजारने सगळं ऐकलं आणि फळ्याकडे बोट केलं. "ताई, सही झालीय."

"सही झाली, घर राहिलं."

"वेळापत्रकाप्रमाणे घर पूर्ण आहे."

"मग सूनही वेळापत्रकातच नांदव."

"हे बघ, तो कागद उघडला तर प्रकल्प वेळेत झाला असं मला म्हणता येणार नाही. मेदेतचा दवाखाना संपत आलाय. टेबल त्याला द्यावं लागेल."

राउशानने मान वळवली. खिडकीबाहेर पॉपलरची पानं पिवळी झाली होती, आणि त्या टेबलावरून ती फार सुंदर दिसत. "दे," ती म्हणाली. "पण नळवाला आणि सुतार मला हवेत."

"शनिवारी मिळतील."

"शनिवार-रविवार. आणि दवाखान्यातून उरलेलं प्लास्टर."

पडद्यांच्या नमुन्यांचे गठ्ठे काखोटीला मारून ती झेरॉक्सजवळ परतली. मेदेत काहीतरी बोलायच्या बेतात होता, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने पाण्याची बाटली तोंडाला लावली.

शनिवारी आपांकडे जत्रा भरली. प्रत्येकाच्या हातात फावडं आणि प्रत्येकाच्या तोंडी सल्ला. व्याही म्हणाले नळ्या आडव्या टाका, मेहुणा म्हणाला उभ्या. आत्याबाई गालिचा काढू देईनात, त्याच्याभोवतीनेच प्लास्टर करा म्हणाल्या. राउशान स्टुलावर चढली आणि तिने वर्गात शिकलेलं सगळं गुंडाळून ठेवलं. "नळ्यांजवळ फक्त नळवाला. बाकीच्यांनी माती बाहेर. आत्या, तुम्ही मटण बघा. ज्याला मत आहे त्याने ते आजोबांना सांगायचं." आजोबा अंगणात खुर्ची टाकून बसले आणि दिवसभर मतं ऐकत राहिले. आत एकही पोचलं नाही.

वर्गात लारिसाबाईंनी तिला अनुत्तीर्ण केलं. मुदत हुकली, ताबा मागे घेतला, मनुष्यबळाचा हिशेब नाही. "पुढच्या वर्षी या," म्हणाल्या. मग चष्मा काढून विचारलं, "पहिल्या बैठकीला किती माणसं होती म्हणालात?"

"मोजली नाहीत. सबंध घोडा लागला."

लारिसाबाईंनी आपल्या टिपणांत ‘सगळ्यांना’ या शब्दापुढे काहीतरी लिहिलं.

लग्नाच्या दिवशी नवरीने उजवं पाऊल आत टाकलं. फरशी उबदार होती. तिने नकळत दुसरं पाऊलही पटकन आत घेतलं आणि पाठोपाठ तिची आई आली, तिने तर चपला काढून तळवे टेकवून पाहिले. कुलियान आपांनी मूठ मूठ चॉकलेटं उधळली. ती शुभ असतात, म्हणून लहानथोर सगळे जमिनीवर तुटून पडले, उंच टाचांच्या बायकांसकट.

राउशान दाराशी उभी होती. तिने एकही उचललं नाही.

"अगं घे की," आत्याबाई खालून ओरडल्या. "नशीब आहे ते."

"तुम्ही घ्या. मी टाचा बघतेय."

"टाचांत काय बघायचंय?"

"फरशीचं पॉलिश कालच झालंय, आत्या," राउशान म्हणाली, आणि गर्दीत शिरून एकेकीच्या पायाखाली रुमाल सारायला लागली.