आईच्या ताटातून एकेक पदार्थ गेला

कारखान्याचा हंगाम सुरू झाला की पारगावच्या हवेला पाकाचा वास यायचा. धुकं आणि चिमणीचा धूर एक होऊन उसावर पसरायचे, आणि अख्खं गाव झोपेत तरंगतंय असं मला वाटायचं. त्या वर्षी आई खिडक्या लावून घ्यायला लागली. तिची थोरली बहीण, माझी मावशी, साखरेच्या आजारानं गेली होती. आईला स्वतःला काहीच झालेलं नव्हतं.

आधी तिनं चहातली साखर सोडली. सगळ्यांनी कौतुक केलं. मग तेल गेलं, मग भात, मग भाकरी. टीव्हीवर कुणी काही सांगितलं की ताटातलं आणखी काहीतरी कमी व्हायचं. फवारलेली असते म्हणून बाजारची भाजी बंद झाली. शेवटी उकडलेले मूग आणि परसातला दुधी एवढंच उरलं. हळदीकुंकवालाही ती जाईना, कारण तिथं कुणीतरी हातावर खायला ठेवणार. ती हलकी होत गेली. अंगणात वाळत घातलेल्या लुगड्यांमधून चालायची तेव्हा लुगडं कुठलं आणि आई कुठली, मला क्षणभर कळायचं नाही.

एका सकाळी ती हौदापाशी कोसळली. वडिलांनी तिला मंचरला नेलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आजार कुठलाच नाही, पोटात अन्नच जात नाही. वडील चिडले नाहीत. भूक लागत नाही का, एवढंच त्यांनी तिला विचारलं.



"लई लागती," ती म्हणाली. "पण घास हातात घेतला की भ्या वाटतं."

त्यानंतर वडील रोज तिच्याबरोबर एकाच ताटात जेवायला बसू लागले. आधी स्वतः घास घ्यायचे, मग थांबायचे. कधी वरण गार व्हायचं, कधी ती तशीच उठून जायची. वर्ष सरलं तेव्हा कुठं भाकरी परत आली.

भीती पुरती कधीच गेली नाही. पण पुढं मढला मामेभावाच्या लग्नात आम्ही पंगतीला बसलो होतो. डोंगरावरून वारा उतरत होता, मांडवाचं कापड फुगत होतं. वाढपी बुंदी घेऊन आला. तिला कुणी आग्रह करू नये म्हणून सवयीनं वडील तिच्या पत्रावळीवर हात आडवा धरणार, तोच आई म्हणाली, "वाढू द्या थोडी."

एकेक कळी उचलून ती सावकाश खात राहिली. बाकीची पंगत उठली, तरी आम्ही तिघं तिथंच बसून होतो.