झिंग्यांची सुशी आणि लीलाबाईंची पिशवी

"आधी हाताला विचारा, मग डोळ्यांना," असं लीलाबाई म्हणायच्या. वांगी निवडताना म्हणायच्या, साडीचा पोत चिमटीत धरून म्हणायच्या. त्यांच्या सुनेच्या, श्रावस्तीच्या कानांना ते वाक्य इतकं सवयीचं झालं होतं की तिला ते ऐकूच येईनासं झालं होतं.

लीलाबाई भंडारा जिल्ह्यातल्या. गावाला मोठं तळं होतं, आणि तळ्याकाठी वाढलेल्या माणसाला मासा ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. लग्न होऊन त्या दिल्लीत आल्या. नवरा, रावसाहेब, केंद्र सरकारच्या कचेरीत टंकलेखक. तेव्हापासून दर रविवारी त्या कापडी पिशवी घेऊन बसने आयएनए मार्केटला जात. मासेवाले त्यांना अम्मा म्हणत आणि शिळा माल त्यांच्यापुढून हळूच मागे सारत. पुढे रावसाहेब गेले, मुलगा संघपाल अधिकारी झाला, आर. के. पुरममध्ये मोठं क्वार्टर मिळालं. रविवार मात्र मोडला नाही.

मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दिवाळीच्या आसपास एकदा गॅसपाशी त्यांच्या पदराचं टोक पेटलं. श्रावस्तीनं ते हातांनीच विझवलं. कुणाला इजा झाली नाही, पण त्या संध्याकाळी ती म्हणाली, "आई, ऑपरेशन होईपर्यंत गॅसजवळ यायचं नाही. एकट्यानं खालीही उतरायचं नाही."

लीलाबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी पिशवी धुतली, उन्हात वाळवली आणि स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला टांगली.

जानेवारीत दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. महिन्याभरानं डॉक्टर म्हणाले, आता सगळं करा. घरात मात्र तसं कुणी म्हणालं नाही. श्रावस्तीच्या मनातून तो पेटता पदर जाईना, आणि मागून घेणं लीलाबाईंच्या स्वभावात नव्हतं. एप्रिल उजाडला तरी पिशवी खिळ्यावरच होती.

त्या रविवारी लुंबिनीनं, म्हणजे नातीनं, ऑफिसातल्या चार मैत्रिणींना संध्याकाळी जेवायला बोलावलं होतं. जेवणाआधी खायला ती सुशी, म्हणजे जपानी पद्धतीच्या भाताच्या गुंडाळ्या, करणार होती. कच्चा मासा नाही, उकडलेले झिंगे, काकडी आणि भात, एवढाच बेत. संघपाल टूरवर होता. दुपारी तिघी स्वयंपाकघरात होत्या. दोघी ओट्यापाशी, आणि लीलाबाई दारातल्या स्टुलावर.

लुंबिनीनं समुद्रातल्या शेवाळाचा काळा, पातळ कागद पाटावर पसरला.

"हे काय, कार्बन पेपर?" लीलाबाईंनी विचारलं. "तुझे आजोबा असते तर ह्यावर तीन कॉप्या काढल्या असत्या."

"आजी, हे खायचं असतं."

"खा बाई. सरकारी घरात वाढलीस, कागद पचेल तुला."

श्रावस्ती हसली. तिनं बासमतीचा भात पसवून, पेज काढून ताटात उपसला होता. शीत न् शीत सुटं होतं. तिच्या सुट्या भाताचं माहेरी-सासरी कौतुक होतं. लुंबिनीनं तो कागदावर थापला, मधोमध काकडी ठेवली आणि गुंडाळी केली. सुरी लावली तशी गुंडाळी उलगडली आणि भात पाटभर सांडला. दुसरी केली, तीही तशीच. तिसऱ्या वेळी लुंबिनीनं सुरी खाली ठेवली.

"मम्मी, यार, हा भात चिकटतच नाहीये."

"चिकटू नये म्हणून तर जन्मभर खपले मी," श्रावस्ती म्हणाली.

लीलाबाई स्टुलावरून उठल्या. त्यांनी पाटावरची दोन शितं बोटांत दाबली. "ह्याला एकमेकांची ओढच नाही. दिवाणाखालचा डबा काढ."

दिवाणाखालच्या डब्यात भंडाऱ्याहून आलेला नवा तांदूळ होता. लीलाबाईंचा भाऊ दर हिवाळ्यात पोतं धाडायचा. नव्या तांदळाचा भात गिचका होतो, म्हणून श्रावस्ती तो वर्षभर जुना होऊ द्यायची. गिचका भात पाहुण्यांपुढे ठेवायची कल्पना तिला करवेना. पण मुलीचा चेहरा पाहून तिनं डबा ओढला.

तांदूळ धुऊन पातेल्यात घातला. लीलाबाई ओट्यापासून दोन हात लांबच उभ्या राहिल्या. सांगितलेली हद्द त्यांनी ओलांडली नाही.

"तांदळावर बोट टेकव. पाणी पहिल्या पेराच्या खालीच राहू दे. नव्याला पाणी कमी. आणि पसवू नकोस."

भात झाला. त्याचा वास खोलीभर फिरला. लुंबिनीनं त्यात सिरका, साखर आणि मीठ घातलं, श्रावस्तीनं ते हातानं कालवून पंख्याखाली ताट ठेवलं. कोमट झाल्यावर लीलाबाईंनी हात ओला करून एक घास वळला. घास नीट वळला गेला, मुठीत तसाच बसला.

"आता झिंगे दाखव," त्या म्हणाल्या.

झिंगे श्रावस्तीनं सकाळी फोनवरून मागवले होते. सोललेले, साफ केलेले, बर्फात ठेवलेले. तिनं डबा पुढे केला. "बघा ना, रंग किती छान आहे."

लीलाबाईंनी डब्याकडे पाहिलंच नाही. समोरच्या भिंतीकडे बघत त्यांनी एकेक झिंगा अंगठ्याखाली दाबला. पाचव्याला कवचाचा तुकडा चिकटलेला निघाला, तो त्यांनी बाजूला ठेवला. मग हात थांबला.

"हे परत येत नाहीत."

"म्हणजे?"

"दाबून बघ."

श्रावस्तीनं दाबलं. झिंग्यात खळगा पडला आणि तसाच राहिला. तिनं दुसरा दाबला, तिसरा दाबला. चष्मा लावून सकाळी तिनं हाच डबा उलटसुलट पाहिला होता. मग तिनं नाकाजवळ धरला. वास थोडा आंबूस होता, बर्फामुळे दबलेला.

"पाहुण्यांना हे घालायचं नाही," लीलाबाई म्हणाल्या.

चार वाजले होते. पाहुण्या सातला येणार होत्या.

"परत ऑर्डर करू," लुंबिनी म्हणाली.

"आणि तेही असेच आले तर?" श्रावस्ती म्हणाली. स्वतः मार्केटला जायचं तर काय दाबायचं आणि काय सोडायचं, हे तिला आत्ता कुठे कळलं होतं. आणि भात कोमट होता तोवरच वळायला हवा होता.

"मी जाते आजीबरोबर," लुंबिनी म्हणाली.

"तू गेलीस तर गुंडाळ्या कोण करणार, तुझी मम्मी?" लीलाबाई म्हणाल्या. "तिनं आज पहिल्यांदा चिकट भात केलाय. एकटीवर सोडू नकोस."

लीलाबाईंनी 'मी जाऊ का' असं विचारलं नाही. त्या नळाखाली हात धूत राहिल्या, लागतो त्याहून जास्त वेळ. श्रावस्तीनं त्यांचे हात पाहिले. मग ती दारामागे गेली आणि खिळ्यावरून पिशवी काढली. तिच्या बोटांवरची शितं पिशवीच्या बंदाला चिकटली.

"आई, अर्धा किलो पुरेत."

"पाऊण आणते. उकडल्यावर आकसतात."

"रस्ता सिग्नलवरूनच ओलांडा."

"बरं." लीलाबाईंनी बंदावरची शितं एकेक करून काढली आणि तोंडात टाकली. "मीठ थोडं कमी आहे. जवस कुटून वरून लाव, तीळ शोधत बसू नकोस. येते. जयभीम."

श्रावस्ती भाताचे हात तसेच घेऊन बाल्कनीत आली. खाली लीलाबाई जिन्यातून बाहेर पडल्या. फाटकाची कडी त्यांनी न बघता काढली आणि मागे वळून नीट लावली. दुधाच्या बूथपाशी स्कूटर आली तशा थांबल्या, ती गेल्यावर निघाल्या. पिशवी डाव्या खांद्याला होती. बस स्टॉपच्या वळणापर्यंत त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

आतून लुंबिनीनं दोनदा हाक मारली. श्रावस्ती कठड्यापाशीच उभी होती, बोटांवरचा भात वाळेपर्यंत.