पिवळी नखं

बसथांब्यावर शेजारी बसलेल्या माणसाची नखं पिवळी पडली होती. आमच्या ह्यांचीही तशीच होती. वीस वर्षं ह्यांनी कारखान्यात आम्लाच्या वाफेत नळांना क्रोमचा मुलामा चढवला, त्यानेच ती रंगली. फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "बिड्या किती ओढता?"

"सुपारीसुद्धा खात नाही," हे म्हणाले.

"मग काम कसलं करता?"

कामावरच्या त्या वाफेबद्दल तोवर कोणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

न राहवून मी त्या माणसाला म्हटलं, "भाऊ, क्रोमच्या कामावर आहात ना? एकदा छाती तपासून घ्या."

तो ओशाळून हसला. "त्या वाफेची सवय झालीय, ताई."

त्याची बस आली, तो गेला. आपण उगीच बोललो की कमी बोललो, हे विचारायला घरी आता कोणी नव्हतं.